लोणारचें विवर आणि प्रयोगाचा पुरावा

१

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें गांव आमच्या वाचकांस क्षेत्र म्हणून, दैत्यसूदनाच्या देवालयाचें ठिकाण म्हणून व आईन-इ-अकबरींतील क्षाराच्या उत्पन्नाचें स्थळ म्हणून परिचित आहे. तेथील सरोवर ज्या खळग्यांत आहे तो कसा झाला, हा प्रश्न इतिहाससंशोधकांच्या कक्षेबाहेरचा आहे अशी सामान्य समजूत आढळते. परंतु या प्रश्नाचा निकाल कोणत्या पुराव्यावर लागला व तो पुरावा कसा पारखला गेला, हा खास आमचा विषय आहे. लोणारसंबंधीं कथा आहे, फारसी ग्रंथाचा दाखला आहे, युरोपियन प्रवाशांचीं वर्णनें आहेत आणि भूशास्त्रज्ञांचे अहवाल आहेत. इतकें सर्व असूनहि निकाल यांपैकीं कोणत्याहि एका लेखानें लागला नाहीं. मनुष्यानें आपल्या हातानें लहान प्रमाणावर खळगे पाडून पाहिले, खडक वितळवून पाहिले, अखेरीस स्फोटाच्या तडाख्याखालीं खडक दाबून पाहिला, तेव्हां लोणारच्या दगडांतील साक्ष वाचतां आली.

या प्रयोगांची हकीकत सुमारें तीनशें वर्षांची आहे. प्रयोग हा पुरावा खरा, परंतु तोहि कागदाप्रमाणेंच उलटतपासणीस पात्र आहे, हें तीवरून दिसून येतें. तेवढ्यापुरता तिचा आढावा प्रस्तुत लेखांत घेण्याचें योजिलें आहे.

२

प्रथम लेखी व परंपरागत साधनें पाहूं. क्षेत्रकथेप्रमाणें लवणासुर नांवाचा दैत्य येथें जमिनीखालीं दडून राही. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून त्याचा ठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्यानें त्याच्या निवासावरील झांकण उडवून दिलें व त्याचा वध केला. तें झांकण दूर जाऊन पडलें, तीच धाकेफळजवळची टेकडी. खळगा हें दैत्याचें घर आणि खारें पाणी हें त्याचें रक्त. या वधावरून विष्णूस दैत्यसूदन हें नांव मिळालें व त्याच नांवाचें सुंदर कोरीव देवालय गांवांत उभें आहे.

अबुल फज्लानें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण या स्थळास विष्णुगया म्हणतात. तेथें उंच टेकड्यांनीं वेढलेला, लांबीरुंदीनें कोसभर असा खोल जलाशय आहे. पाणी खारट आहे. कांच व साबण यांस लागणारे पदार्थ त्यांत मिळतात व त्यापासून चांगलें उत्पन्न येतें, असा त्याचा आशय आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सरोवराची स्थिति काय होती याचा हा मोलाचा दाखला होय. लेखकाची दृष्टि महसुलाची असल्यामुळें क्षाराचें वर्णन नेमकें उतरलें आहे. उत्पत्तीचा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता.

इंग्रजी अमदानींत लेफ्टनंट जे. ई. अलेक्झांडर यानें १८२३ सालीं हें सरोवर पाहिलें व त्याची हकीकत १८२४ सालीं एडिंबरा येथील एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पुढें मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ च्या ग्रंथांत हा खळगा ज्वालामुखी स्फोटाचा ठरविण्यांत आला. १९१२ सालीं भारतीय भूशास्त्र खात्याच्या वृत्तांतांत ला टूश व क्रिस्टी यांनीं लोणारवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांत ला टूश याचा कल, जमीन खालून फुगून मग आंत बसली, असें मानण्याकडे होता. प्रदेश सर्व काळ्या पत्थराचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा. तेव्हां खळगाहि त्याच अग्नीचा असणार, हें अनुमान स्वाभाविक होतें. परंतु एक अडचण कोणालाहि सोडवितां आली नाहीं. खळग्याचा व्यास सुमारें १·८ किलोमीटर, काठापासून तळ सुमारें १५० मीटर खोल, काठ भोंवतालच्या जमिनीहून वर उचललेला. आणि तरीहि त्या तोंडांतून नवा लाव्हारस बाहेर पडल्याची खूण कोठेंच नाहीं.

३

ही अडचण समजण्यास आम्हांस थोडें मागें व दूर, इंग्लंडांत जावें लागतें. १६६५ सालीं रॉबर्ट हूक याचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ लंडन येथें छापून निघाला. सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या उवा-पिसवांच्या चित्रांबद्दल तो प्रसिद्ध आहे. परंतु त्याचें शेवटचें प्रकरण चंद्रासंबंधीं आहे. हूकनें १६६४ च्या आक्टोबरांत तीस फुटी दुर्बिणींतून चंद्रावरील हिपार्कस हें विवर व त्याच्या भोंवतालचे खळगे पाहून त्यांचें चित्र काढलें आणि हे खळगे कसे झाले असावे हें ठरविण्यास दोन प्रयोग केले.

पहिला प्रयोग असा. तंबाखूच्या चिलमी ज्या पांढऱ्या मातीच्या करतात, ती माती पाण्यांत कालवून तींत बंदुकीची गोळी किंवा दुसरा जड पदार्थ वरून टाकावा. कांहीं वेळ चंद्रावरच्यासारखा खळगा दिसतो. दुसऱ्या प्रयोगांत त्यानें अलाबास्टर दगडाची पूड भांड्यांत तापविली. पूड उकळूं लागते, बुडबुडे फुटतात आणि भांडें विस्तवावरून हळूच उतरविलें म्हणजे पृष्ठभाग वाटोळ्या, कांठ असलेल्या खळग्यांनीं भरून जातो. मग अंधाऱ्या खोलींत मेणबत्ती निरनिराळ्या बाजूंनीं धरून त्या खळग्यांच्या छाया त्यानें चंद्रावरच्या छायांशीं ताडून पाहिल्या.

दोन्ही प्रयोगांतून आकार जुळला. तेव्हां निवड कशानें करावयाची? हूकनें पहिला प्रयोग बाजूस सारला. कारण चंद्रावर आदळणारे पदार्थ येणार कोठून, हें त्याच्या कल्पनेंत बसेना, आणि चंद्राचा पृष्ठभाग ओल्या मातीइतका मऊ असेल असेंहि त्यास वाटेना. भूकंप व पोटांतील अग्नि यांचे दाखले पृथ्वीवर होते, म्हणून त्यानें बुडबुड्यांचा पक्ष पत्करला. त्याच्या काळीं आकाशांतून दगड पडतात ही गोष्ट विद्वानांत मान्य नव्हती. ती मान्य होण्यास १७९४ चें क्लाड्नीचें पुस्तक आणि १८०३ च्या २६ एप्रिल रोजीं फ्रान्सांत लेगल गांवीं झालेला पाषाणवर्षाव व त्यावरील बियो याचा चौकशी-अहवाल इतक्या गोष्टी घडाव्या लागल्या. सारांश, हूकच्या हातांत खरा प्रयोग होता, परंतु त्यास जोडावयाचा दुसरा पुरावा अद्यापि जन्मास आला नव्हता. एकच आकार दोन कारणांनीं होऊं शकतो, एवढें मात्र त्याच्या प्रयोगांनीं कायमचें सिद्ध केलें.

४

दुसरा प्रयोगकर्ता एडिंबरा येथील सर जेम्स हॉल. त्याचा आमच्या काळ्या पत्थराशीं निकटचा संबंध आहे. बेसाल्ट हा पाण्यांत बसलेला गाळ कीं थिजलेला लाव्हा, असा त्या वेळीं मोठा वाद होता. लाव्हापक्षाच्या विरुद्ध आक्षेप असा कीं, दगड वितळवून थंड केला तर कांच होते. बेसाल्ट तर कणीदार आहे. लीथ येथील कांचकारखान्यांत सावकाश थंड झालेली कांच कणीदार दगडासारखी झालेली हॉल यास आढळली. त्यावरून त्यानें बेसाल्टच भट्टींत वितळविला. झटकन थंड केलेल्याची कांच झाली. सावकाश थंड केलेल्याचा पुन्हां कणीदार दगड झाला. एटना व व्हेसुव्हियस यांच्या लाव्हाचेंहि तसेंच झालें. हा निबंध त्यानें १७९८ सालीं वाचला. पुढें बंदुकीच्या नळ्यांत चुनखडी कोंडून ती दाबाखालीं तापविण्याचे पांचशेंहून अधिक प्रयोग त्यानें केले; आणि १८१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, कापडाच्या घड्या एकीवर एक पसरून वर वजन ठेवून दोन्ही बाजूंनीं रेटल्या असतां डोंगरांतल्या थरांसारख्या वळ्या कशा पडतात, हें दाखविलें.

या कथेंत आणखी एक व्यक्ति आहे. हॉलचा वडीलधारा स्नेही व भूशास्त्राचा आद्य आचार्य जेम्स हटन याचा अशा प्रयोगांस विरोध होता. लहानशा मुशीच्या तळाशीं डोकावून पृथ्वीच्या पोटांतील महान् व्यापारांचा निर्णय करणाऱ्यांस त्यानें दोष दिला होता. त्याच्याविषयींच्या आदरामुळें हॉलनें आपलें काम बरेंच मागें ठेवलें व १७९७ सालीं हटन वारल्यानंतरच तें पुढें मांडलें. निकाल हॉलच्या बाजूनें लागला. परंतु हटनची शंका पोकळ नव्हती. मुशींतला अग्नि व पृथ्वीच्या पोटांतला अग्नि यांत प्रमाणाचा जो फरक आहे, तो विसरणाऱ्यास प्रयोग फसवितो. याचें उदाहरण पुढेंच आहे.

५

अमेरिकेच्या भूशास्त्र खात्यांतील ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यानें १८९१ सालीं अरिझोना प्रांतांतील कून ब्यूट नांवाचें विवर तपासलें. त्याच्या आसपास आकाशांतून पडलेल्या लोखंडाचे तुकडे सांपडले होते. लोखंडाचा प्रचंड गोळा पडून हा खळगा झाला असेल तर तो गोळा खालीं पुरलेला असला पाहिजे, असा गिल्बर्टचा तर्क होता. आणि तो पारखण्यास त्यानें दोन कसोट्या योजिल्या. गोळ्यानें आंतली जागा व्यापली असल्यास कांठावरची माती खळग्यांत भरली असतां ती उरली पाहिजे. तसेंच लोहचुंबकाची सुई तेथें वळली पाहिजे. त्यानें मोजणी केली. कांठाची माती ८ कोटी २० लाख घनयार्ड भरली आणि खळगाहि तितकाच भरला. सुई जागची हलली नाहीं. तेव्हां त्यानें आकाशाचा पक्ष सोडला व पाण्याच्या वाफेचा भूगर्भांत स्फोट झाला असा निर्णय केला. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यानें याच निर्णयाच्या पुष्टीस हिंदुस्थानांतील लोणारचा दाखला दिला: तेथेंहि तसाच वाटोळा खळगा, तसाच उचललेला कांठ आणि लाव्हा नाहीं. वऱ्हाडांतील एक क्षेत्र अशा रीतीनें अरिझोनाच्या वादांत साक्षीदार म्हणून उभें राहिलें, आणि तेंहि चुकीच्या पक्षाकडून.

नवल असें कीं, याच गिल्बर्टनें १८९२ सालीं वॉशिंग्टन येथील नाविक वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणींतून अठरा रात्री चंद्र पाहून चंद्रावरील विवरें आघातानें झालीं असा खरा निर्णय केला. त्यानेंहि मातीचे गोळे मातींत व वाळूंत टाकून, बंदुकीच्या गोळ्या झाडून प्रयोग केले. सरळ पडलेल्या गोळ्याचा खळगा वाटोळा होई. तिरपा मारलेल्याचा लांबट होई. चंद्रावरचीं विवरें मात्र बहुतेक वाटोळीं आहेत. आकाशांतून येणारे सर्वच पाषाण उभे कसे पडतील? या पेंचांतून सुटण्यास त्यानें, पृथ्वीभोंवतीं पूर्वीं लहान लहान चंद्रांचें कडें होतें व त्यांपासून आजचा चंद्र बनला, अशी कल्पना योजिली. प्रयोग बरोबर, वेध बरोबर, आणि तरीहि दोहोंस जोडणारा दुवा कृत्रिम, अशी ही स्थिति झाली.

६

हा पेंच कोठें आहे हें कोणासहि घरीं पाहतां येतें. परातींत चार बोटें जाडीचा पिठाचा थर द्यावा, वर गुलाल भुरभुरावा व हातभर उंचीवरून गोटी सोडावी. खळगा पडतो, कांठ वर येतो आणि खालचें पांढरें पीठ गुलालावर किरणांसारखें उडतें. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बिणींतून दिसणारे पांढरे पट्टे असेच आहेत. गोटी तिरपी जोरानें मारली म्हणजे खळगा लांबट होतो. येथपर्यंत गिल्बर्टचें सर्व खरें. परंतु हातभर उंचीवरून सुटलेल्या गोटीचा वेग सेकंदास सुमारें ३ मीटर असतो. बाहेरून पृथ्वीकडे येणारा पाषाण सेकंदास निदान ११ किलोमीटर, पुष्कळदां १५ ते २० किलोमीटर वेगानें येतो. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सेकंदास १५ किलोमीटर वेग धरला तर तो गोटीच्या ५,००० पट होतो व तितक्याच वजनामागें शक्ति अडीच कोटि पट होते. अशा वेळीं पाषाण जमिनींत रुतून राहत नाहीं. आघातलहरीनें तो व त्याखालचा खडक क्षणांत चुरतो, वितळतो, कांहीं भाग वाफ होतो आणि सर्व स्फोटासारखें बाहेर फेंकलें जातें. स्फोट चोहोंकडे सारखा पसरतो, म्हणून पाषाण तिरपा आला तरी खळगा वाटोळा राहतो.

ही गोष्ट १९१६ सालीं एस्टोनियाचा अर्न्स्ट एपिक व १९२४ सालीं न्यूझीलंडचा ए. सी. गिफर्ड यांनीं गणितानें मांडली. दरम्यान जर्मनींत आल्फ्रेड वेगेनर यानें सिमेंटच्या भुकटीच्या थरावर चमच्यानें सिमेंटच टाकून व वर पाणी शिंपडून ते खळगे घट्ट करून ठेवले, त्यांचीं मापें चंद्रावरील विवरांशीं ताडलीं व १९२१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वेगाची खरी कसोटी मात्र फार पुढें झाली. अमेरिकेंत डोनाल्ड गॉल्ट यानें १९६० नंतरच्या दशकांत सेकंदास कित्येक किलोमीटर वेगानें गोळ्या झाडणारी तोफ वापरून दाखविलें कीं, गोळी अगदीं निसटती, सुमारें पंधरा अंशांहून कमी कोनानें आली तरच खळगा लांबट होतो. गिल्बर्टच्या मातीच्या गोळ्यांनीं खोटें सांगितलें नव्हतें. त्यांस जो प्रश्न विचारला गेला तो त्यांच्या वेगाच्या पलीकडचा होता. कून ब्यूटखालींहि गोळा नव्हताच; बॅरिंजर यानें १९०३ पासून पुढें कित्येक वर्षें खोदून तो शोधला, पण सांपडला नाहीं. ज्या गोळ्याच्या अभावावर गिल्बर्टनें निकाल दिला होता तो आघातांतच नष्ट झाला होता.

७

आकारावरून कारण ठरत नाहीं हें हूकपासून दिसत होतें. तेव्हां अशी खूण हवी होती कीं जी आघातानेंच होते, अग्नीनें होत नाहीं. ती खूण प्रयोगशाळेंतूनच मिळाली. १९५३ सालीं लोरिंग कोस यानें प्रचंड दाबाखालीं गारेचें एक नवें, अधिक घन रूप तयार केलें; त्यास त्याच्याच नांवावरून कोसाइट म्हणतात. १९६० सालीं चाओ, शूमेकर व मॅडसेन यांस तेंच द्रव्य अरिझोनाच्या विवरांत निसर्गनिर्मित असें सांपडलें व तेथील वाद मिटला.

परंतु लोणारास ही किल्ली लागत नव्हती. कोसाइट होण्यास मूळ खडकांत गार हवी, आणि दख्खनच्या काळ्या पत्थराचा मुख्य घटक गार नसून प्लॅजिओक्लेज हें खनिज आहे. तेव्हां प्लॅजिओक्लेजावर आघात झाला असतां काय होतें हें पाहणें आवश्यक होतें. येथें बिहारांतील एका पाषाणाचा संबंध येतो. १८६५ च्या २५ आगस्ट रोजीं गयेजवळ शेरघाटी येथें आकाशांतून एक पाषाण पडला. १८७२ सालीं चेरमाक यानें त्यांत एक कांचेसारखें खनिज वर्णिलें व ब्रिटिश म्यूझियमच्या मॅस्केलिन याच्या नांवावरून त्यास मॅस्केलिनाइट हें नांव दिलें. कण प्लॅजिओक्लेजाच्या आकाराचे, पण आंतून कांच. आणि वितळून वाहिल्याची खूण नाहीं. हें कसें झालें तें नव्वद वर्षें गूढ राहिलें. १९६३ सालीं मिल्टन व डीकार्ली यांनीं प्लॅजिओक्लेज असलेल्या खडकावर स्फोटक द्रव्यानें कांहीं लाख वातावरणांइतका क्षणिक दाब आणला, तों त्यांच्या हातांत मॅस्केलिनाइट तयार झालें. लाव्हाच्या कितीहि उष्णतेनें जें होत नाहीं तें तडाख्यानें झालें.

आतां लोणारकडे वळूं. अमेरिकेंतील लाफाँ व डीट्झ यांनीं १९६४ सालीं लोणार उल्काविवर असावें असा प्रश्न शास्त्रीय पत्रांत मांडला होता. पुढें भारतीय भूशास्त्र खात्यानें सरोवराच्या तळाशीं भोकें पाडून खालचा खडक वर काढला. त्या चुरलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सांपडलें. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांचा निबंध १९७३ सालीं 'सायन्स' पत्रांत प्रसिद्ध झाला व लोणार हें बेसाल्ट खडकांतील आघातविवर होय असें ठरलें. यांतील मिल्टन म्हणजे दहा वर्षांपूर्वीं तीच कांच स्फोटानें करून पाहणारा शास्त्रज्ञ, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्यानें अक्षर आपल्या हातानें वळवून पाहिलें होतें त्यास जुन्या लेखांतलें तें अक्षर ओळखतां आलें. चंद्राचे काळे सपाट प्रदेश व इतर ग्रहांचे मोठे भाग बेसाल्टचेच असल्यामुळें, तेथील विवरांचा अभ्यास करणारे तेव्हांपासून लोणारकडे येऊं लागले.

८

उरला कथेचा प्रश्न. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं असें लिहिलेलें आढळतें कीं, लवणासुराची कथा म्हणजे उल्कापाताची प्राचीन आठवण होय. आमच्या पूर्वजांनीं तो पाहिला व पुराणकारांनीं नोंदला. हें मत सुखावह आहे, परंतु तें टिकत नाहीं. विवराचें वय १९९७ च्या सुमारास तापदीप्तीच्या पद्धतीनें सुमारें ५२,००० वर्षें काढण्यांत आलें. २०११ सालीं आर्गॉन वायूच्या पद्धतीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें, ४७,००० वर्षें अधिक-उणें, असें निघालें. दोहोंत मोठें अंतर आहे. परंतु लहान आंकडा धरला तरी तो जगांतील जुन्यांत जुन्या लेखनाच्या दसपट मागें जातो. इतक्या काळांतून एखाद्या घटनेची आठवण अक्षरशः उतरली असें मानण्यास कोणताहि आधार नाहीं.

तरीहि कथेची किंमत त्यामुळें कमी होत नाहीं. ती रचणाऱ्यानें खळगा नीट पाहिला होता. हा खळगा पाण्यानें खणलेला नव्हे, येथून दगड वर उडालेला आहे, कांठ त्याच उडण्यानें उभा आहे, हें त्यानें ओळखलें; आणि उडालेला ऐवज गेला कोठें, असा प्रश्न करून धाकेफळच्या टेकडीकडे बोट दाखविलें. खळग्यांतून निघालेली माती कांठावर किती भरते हें मोजणाऱ्या गिल्बर्टचा प्रश्न याच जातीचा होता. म्हणून या कथेस साक्षीदाराची जबानी न समजतां एका जुन्या निरीक्षकाचें अनुमान समजावें, असें आमचें मत आहे. ब्लॅनफर्डचा स्फोट व ला टूशचा फुगवटा हींहि अनुमानेंच होतीं. फरक एवढाच कीं, नंतरच्यांनीं आपलें अनुमान कसोटीस लावण्याची सोय ठेविली आणि त्या कसोटींत तीं पडलीं.

या सर्वांतून आमच्या व्यवसायास एक नियम घेतां येतो. कागद हातीं आला म्हणजे तो कोणी, केव्हां, कोणत्या हेतूनें लिहिला हें आम्ही विचारतों. प्रयोगाचा दाखला कोणी पुढें केला असतां द्रव्य कोणतें, वेग किती, प्रमाण किती, आणि हाच परिणाम दुसऱ्या कारणानें होतो काय, हे चार प्रश्न विचारावे. हूकचा प्रयोग चौथ्या प्रश्नावर अडला, गिल्बर्टचा दुसऱ्यावर. मिल्टनचा चारहि प्रश्नांतून पार पडला, म्हणून त्यावर लोणारचा निकाल उभा आहे.

विवराचा उगम दगडांनीं सांगितला. सरोवराच्या गेल्या चारशें वर्षांचा वृत्तांत मात्र दगड सांगणार नाहींत. पाण्याची पातळी केव्हां वाढली, केव्हां आटली, कोणत्या सालीं क्षार किती निघाला, त्याचा मक्ता कोणास होता, हें कळण्यास दफ्तरेंच हवींत. मेहकर परगण्यांतील व लोणारच्या क्षेत्रोपाध्यांच्या घराण्यांतील कागद, वह्या, मक्त्याचे करार ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते मूळ मित्या न बदलतां, क्षाराचीं वजनें व पाण्याचे उल्लेख न गाळतां प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे. क्षाराच्या उत्पन्नाची एक ओळ ही त्या सालच्या पाण्याची व पावसाची नोंद ठरूं शकते; आणि तळ्याच्या गाळाचे थर तपासणाऱ्या शास्त्रज्ञांस आपलें अनुमान ताडून पाहण्यास अशा मितीवार नोंदी हें एक साधन आहे.